दात न लागलेली काठी

गंगाराम साबळेला वाईट काम जमायचं नाही. ऐकायला हा गुण वाटतो. त्याच्याशी जन्मभर संसार केलेल्या ताईबाईला विचारा, ती म्हणेल हा रोग आहे.

नवी नवरी असताना तिनं त्याच्याकडं एक पोळपाट मागितला होता. साधा पोळपाट, गोल फळी आणि खाली पाय. गंगारामनं लाकूड निवडण्यातच अख्खा पावसाळा घालवला. तोवर ताईबाई उपड्या परातीवर चपात्या लाटत होती. पोळपाट झाला तेव्हा तो इतका गुळगुळीत होता, आणि त्याच्या कडेनं अशी बारीक नक्षी होती, की बघायला आलेली शेजारीण म्हणाली, "ह्याला पीठ लावायचं म्हंजे पाप हाय." गंगारामला ते फार पटलं. त्यानं पोळपाट भिंतीला टांगला आणि ताईबाईनं इंदापूरच्या बाजारातनं दुसरा विकत आणला. पुढं पोरगी झाली, तिचं लग्न झालं, तिला पोरं झाली. पोळपाट भिंतीवरच होता.

आता ह्यात सगळा दोष त्याचा होता असंही नाही. वालचंदनगरला कारखान्यात तो पॅटर्न करायच्या कामावर होता. म्हणजे लोखंडाचा एखादा भाग ओतायचा तर आधी तोच भाग हुबेहूब लाकडात करायचा. तो वाळूत दाबून काढला की वाळूत त्याची पोकळी राहते आणि त्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओततात. लाकडावर नखाएवढा ओरखडा असला तर तो वाळूत उमटतो आणि वाळूतला लोखंडात. ओरखडा दिसला की काम बाद. अशा कामात हाडं झिजवलेल्या माणसाला लाकडावर चरा दिसला की पोटात कळ यायची. पोरगी लहानपणी दाराला धडकून कपाळ फोडून घ्यायची, तेव्हा हा बाबा आधी दार बघायचा.

रिटायर झाल्यावर कंपनीचं क्वार्टर सुटलं. भवानीनगरच्या बाहेर त्यानं दोन खोल्या बांधल्या आणि रस्त्याकडेच्या म्हस्कू मारकडच्या शेडमध्ये भागीत काम सुरू केलं. म्हस्कू धनगराचा. त्याच्या बापामागं मेंढरं होती; म्हस्कूनं ती विकून पत्र्याचं शेड घातलं आणि दारं-खिडक्या, पलंग, कपाटं करायला लागला. म्हस्कूचं काम झटपट असायचं. त्यानं केलेलं दार लागायचं, पण दोघांनी ढकलल्यावर. गंगारामचं दार एका बोटानं लागायचं, पण ते कधी मिळेल ते कुणी सांगू शकत नव्हतं. दोघांची भागी झाली तेव्हा गिऱ्हाइकांना वाटलं, आता मधलं काहीतरी मिळेल. आणि खरंच मिळायला लागलं.

मग दोघांनी मिळून कटर घ्यायचं ठरवलं. कटर म्हणजे लोखंडी टेबल, त्याच्या मधोमध चिरेतनं वर आलेली गोल करवत आणि खाली मोटर. लाकूड टेबलावर ठेवून बाजूच्या लोखंडी पट्टीला टेकवायचं आणि पुढं ढकलायचं, की करवत ते सरळ चिरत जाते. दिवसभराचं काम चहा निवायच्या आत होतं. शेतातल्या पाचटापासून बोटापर्यंत काहीही असो, ती सारख्याच मायेनं कापते.

ताईबाईनं हे ऐकलं तेव्हा ती ब्लाऊजला काजं करत बसली होती. घरात तिचं शिलाईचं मशीन होतं आणि सगळ्या आळीची कापडं तिच्याकडं यायची. तिनं सुई कापडात टोचून ठेवली.

"मशीन आणा," ती म्हणाली. "म्या आडवी येत न्हाय. पर एक ध्यानात ठेवा. ज्या दिशी तुमची बोटं जातील, त्या दिशी जेवायला दुसरीकडं जावा. माझा हात भरवून भरवून दमलाय."

ती कशाबद्दल बोलते हे गंगारामला ठाऊक होतं. तिचा धाकटा भाऊ बुद्धघोष सुप्याकडं शाळेत मास्तर. त्याला आईच्या मागं ताईबाईनंच वाढवलं, मांडीवर घेऊन घास भरवले. पुढं तो शिकला, नोकरीला लागला, चार शब्द लिहिणारा माणूस झाला. आणि एका सुट्टीत गाईला वैरण करताना कडबाकुट्टीत पेंढी ढकलता ढकलता त्याच्या उजव्या हाताची आंगठा सोडून सगळी बोटं गेली. दवाखान्यातनं तो बहिणीकडं आला. तेव्हा ताईबाईनं दुसऱ्यांदा त्याला घास भरवले. मिशा असलेल्या भावाला घास भरवताना तो खाली मान घालून तोंड उघडायचा, ते तिला अजून दिसायचं. नंतर बुद्धघोष डाव्या हातानं लिहायला शिकला, पहिलीच्या पोरांबरोबर पाटीवर गिरवून. पोरं त्याच्या पुढं गेली होती.

"हात पात्याजवळ जाणारच न्हाय," गंगाराम म्हणाला. "काठी करतो ना."

आणि त्यानं तिला बैजवार समजावून सांगितलं. काडेपेटी म्हणजे लाकूड आणि उभी धरलेली सुरी म्हणजे पातं. लाकूड मोठं असेपर्यंत हात लांब असतो, भीती नाही. शेवटचं वीतभर राहतं तेव्हा हात पात्यापाशी येतो. तिथं हात काढून घ्यायचा आणि काठी लावायची. काठीच्या नाकाला खाच असते, ती लाकडाच्या शेपटीवर बसते. काठीनं ढकलत लाकूड पात्याच्या पार न्यायचं. पात्याला काही चावायचंच असलं तर काठी चावेल.

"म्हंजे काठी मरंल आणि तुमी वाचाल," ताईबाई म्हणाली.

"बरोबर. काठीचं कामच ते हाय."

हे त्याच्याच तोंडचे शब्द. ताईबाईनं ते नीट ऐकून ठेवले.

काठीला खरं तर कुठलंही फळकूट चालतं. म्हस्कूनं खोक्याचा एक तुकडा उचललाही होता. तंबाखू मळून तोंडात टाकेपर्यंत त्याची काठी झाली असती. गंगारामनं त्या तुकड्याकडं नासक्या अंड्याकडं बघावं तसं बघितलं. घरात एका मोडक्या पलंगाचा शिसवी पाय त्यानं जपून ठेवला होता. तो काढला. आधी पुठ्ठ्याचा नमुना केला. तो पसंत पडेना, म्हणून दुसरा केला. मूठ अशी घडवली की तळवा तिच्यावर ठेवला की बोटं आपोआप आपापल्या जागी बसत. नाकाची खाच बरोबर काटकोनात. टोकाला भोक पाडून त्यात पितळेची कडी. मग काचकागद, मग त्याहून बारीक काचकागद, मग लाखेचं पॉलिश, वाळवण, पुन्हा पॉलिश. ताईबाई जेवायला हाका मारून थकायची.

एकदा हात चालला म्हटल्यावर तो थांबतोय कशाला. लाकूड त्या लोखंडी पट्टीला दाबून धरायला त्यानं एक फणी केली. फळीच्या एका अंगाला तिरके बारीक दात पाडायचे. लाकूड पुढं जाताना ते दात वाकून जाऊ देतात, आणि करवतीनं लाकूड उलटं फेकायचं म्हटलं तर अडवतात. गंगारामच्या फणीचे दात असे एकसारखे उतरले की म्हस्कूची बायको तानूबाई म्हणाली, "भावजी, ही मला द्या, आन् म्हशीनीला दुसरी करा. माझी फणी मोडलीय." रुंद फळ्या दाबून ढकलायला एक ठोकळा केला, त्यालाही मूठ. पण काठी ती काठीच. उन्हात धरली की काळ्या शिसवात तांबूस रेघा चमकायच्या.

लोक बघायला यायला लागले. उसाचे ट्रॅक्टर शेडपुढं थांबायचे. एकानं तर कपाटाची ऑर्डर दिली ती काठी हातात घ्यायला मिळावी म्हणून. बारामतीचा एक दुकानदार म्हणाला, ही मला शोकेसमध्ये ठेवायला द्या. गंगाराम हसून नको म्हणाला, पण त्या दिवशी तो जरा ताठ चालत घरी आला.

त्यात आली खंडेनवमी. म्हस्कूनं कटर पुसलं, पात्याला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. मग त्याची नजर काठीवर गेली. मेंढरामागं फिरलेल्यांच्या घरात काठी म्हणजे घरचं माणूस. ती ओलांडायची नाही, तिच्यावर पाय पडू द्यायचा नाही. म्हस्कूनं काठीलाही हळदकुंकू लावलं आणि बिरोबाच्या फोटोखाली खिळा ठोकून तिला तिथं टांगली. गंगाराम दुसऱ्या दिवशी विहारात वंदनेला जाणारा माणूस. कुंकवाशी त्याचं देणंघेणं नव्हतं. पण तिथं भुसा उडत नाही, हे त्याला पटलं. दोन धर्मांचं एका खिळ्यावर एकमत झालं. रोज सकाळी काठी खाली उतरायची, मशीनशेजारी फडक्यावर ठेवली जायची, आणि संध्याकाळी पुन्हा वर जायची.

ताईबाईला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. ती शेडवर जायचीच नाही. त्या मशीनचा आवाज लांबून जरी आला तरी तिला कडबाकुट्टी आठवायची. नवरा संध्याकाळी यायचा, हात धुवायला बादलीत घालायचा, आणि ती चुलीपासनं तिरक्या नजरेनं बोटं बघून घ्यायची. सगळी जागेवर असायची. ती मनात म्हणायची, काठी इमानाची हाय.

संक्रांत झाल्यावर गंगारामनं काठी घरी आणली. पॉलिश जरा मंद झालंय म्हणाला. अंगणात कागद पसरून त्यानं ती उन्हात ठेवली आणि तो स्पिरिट आणायला गेला. ताईबाई उंबऱ्यात बसून परकराला टिपा घालत होती. तिनं काठी हातात घेतली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच ती एवढ्या जवळनं बघत होती.

सुंदर होती. ताईबाईनं ती उलटीपालटी केली. नाकाची खाच बोटानं चाचपली. कडा जशाच्या तशा, धारदार. कुठं चरा नाही, खरवड नाही, दात लागल्याची खूण नाही.

तिच्या मधल्या बोटात अंगुस्तान होतं. पितळेचं, वापरून वापरून चेपलेलं, सुईच्या टोच्यांनी चाळण झालेलं. तिनं काठी खाली ठेवली आणि अंगुस्तान काढून हातात धरलं. खालचं बोट साफ होतं. मग तिनं पुन्हा काठीकडं बघितलं.

गंगाराम परत आला तेव्हा ती तशीच बसली होती.

"शेवटचं वीतभर लाकूड कोण ढकलतंय?" तिनं विचारलं.

"म्हंजे?"

"दिवसभर म्हशीन चालती. काठीला दात लागला न्हाय. मग शेवटचं लाकूड पुढं कोण नेतंय?"

गंगारामनं स्पिरिटच्या बाटलीचं बूच काढलं, वास घेतला, पुन्हा लावलं.

"म्या सांभाळून वापरतो," तो म्हणाला.

ताईबाईनं परकर पुन्हा मांडीवर ओढला. तीस वर्षांत तिला कळून चुकलं होतं, हा माणूस खोटं बोलत नाही, फक्त खरं बोलायला वेळ लावतो. आणि आता तिच्याकडं वेळ नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती डबा घेऊन शेडवर गेली. डबा तो सकाळीच घेऊन गेला होता, हा दुसरा. मशीन चालू होतं. रचलेल्या फळ्यांच्या आडोशाला ती उभी राहिली. कुणाचं लक्ष नव्हतं.

खिडकीच्या चौकटीच्या पट्ट्या चिरणं चाललं होतं. गंगाराम ढकलत होता, म्हस्कू पलीकडून ओढून घेत होता. काठी शेजारीच, पांढऱ्या फडक्यावर आडवी निजली होती. पट्टी पुढं गेली, अर्धी झाली, वीतभर राहिली. गंगारामनं काठी उचलली. ताईबाईचा जीव जरा खाली आला. त्यानं काठी लाकडाच्या शेपटीला लावली, हलकेच थोडं ढकललं, आणि पातं जवळ येताच काठी झटकन उचलून फडक्यावर ठेवली. उरलेलं लाकूड त्यानं आंगठ्यानं ढकललं. आंगठा पात्याच्या अंगाला घासून गेला म्हणावं इतक्या जवळनं गेला. मग दुसरी पट्टी. काठी लावली, काठी वाचवली, आंगठा घातला.

ताईबाईच्या घशापर्यंत हाक आली होती. ती तिनं गिळली. कडबाकुट्टीवर बुद्धघोष असताना कुणीतरी मागनं "मास्तर" म्हणून हाक मारली होती, आणि त्यानं मान वळवली होती. चालत्या मशीनवरच्या माणसाला हाक मारू नये, हे तिला भावाच्या हातानं शिकवलं होतं. ती डब्याचा कान धरून उभी राहिली. पट्ट्या संपत नव्हत्या. प्रत्येक पट्टीला तिचा नवरा वाचत होता आणि तिला त्यातलं एकही वाचणं खरं वाटत नव्हतं.

मग लाईट गेली. करवत घरघरत घरघरत थांबली आणि म्हस्कूनं बटण बंद करून ठेवलं. लाईट गेली म्हणून कुणाला दुवा देणारी त्या तालुक्यात ताईबाई पहिलीच असेल.

"आरं, वहिनी?" म्हस्कू म्हणाला. "कवा आलात?"

"मघाशीच. बघत हुते."

गंगारामनं तिच्याकडं बघितलं, मग काठीकडं, आणि फडक्याचं टोक नीट केलं.

लाईट कधी येईल ह्याचा नेम नव्हता. म्हस्कूनं स्टोव्हवर चहा टाकला. तिघंजण लाकडाच्या ढिगावर बसले.

"काठी का उचलून घेता?" ताईबाई म्हणाली.

म्हस्कूला वाटलं आपण सांभाळून घ्यावं. "वहिनी, त्याचं असं हाय, ती आता देवाची झालीय. कुंकू लागलंय तिला."

"कुंकू त्या पात्याला बी लावलंवतं ना, भावजी? मग ते का सुट्टीवर न्हाय?"

म्हस्कू चहा उतू जातोय का बघायला गेला. चहा उतू जात नव्हता, तरी तो तिथंच बसून राहिला.

"तू समजून घे," गंगाराम म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता. "म्या ठरवून करत न्हाय. हात काठीवर असतो, पातं जवळ येतं, आन् हात आपसूक वर येतो. जन्मभर लाकडाला चरा पडू दिला न्हाय म्या. चरा पडला की काम बाद. ते हाडात गेलंय."

"आन् आंगठा बाद झाला तर?"

गंगारामनं सदऱ्यावरचा भुसा झटकला.

"लाकडाचा पॅटर्न करून लोखंड ओतता तुमी. तुमच्या आंगठ्याचा पॅटर्न हाय का कुठं ठेवलेला? असंल तर सांगा, म्या निवांत घरी जाते."

तिघांनी चहा प्याला. चहात साखर नव्हती, पण तसं सांगायची ती वेळ नव्हती.

लाईट आली. ताईबाई उठली, पदर कमरेला गच्च खोचला आणि फडक्यावरची काठी उचलली.

"चालू करा," ती म्हणाली.

"काय करतीयास?"

"पट्टी चिरते. शेवटपर्यंत."

गंगाराम जागचा हलला नाही. तिनं स्वतःच बटण दाबलं. करवत गुणगुणायला लागली, मग ओरडायला लागली. ताईबाईनं एक पट्टी उचलून टेबलावर ठेवली. तेव्हा गंगाराम उठला. त्याला वाटलं असेल, काठी हिसकावून घ्यावी. पण त्याची नजर तिच्या उभं राहण्यावर गेली, आणि त्याच्यातला कारागीर नवऱ्याच्या आधी बोलला.

"पात्याच्या रेषेत उभी ऱ्हाऊ नगं. बाजूला हो. लाकूड उलटं आलं तर पोटात बसंल."

ती बाजूला झाली.

"लोखंडी पट्टीला टेकव. फणी बसवू दे. आता ढकल. घाई नगं. अशी. आता डावा हात काढ. काठी लाव."

तिनं काठी लावली. आवाजाच्या वर आवाज काढून तो एकेक सांगत होता आणि सांगता सांगता पुढं काय होणार हे त्याला दिसत होतं. लाकूड पुढं गेलं. पातं काठीच्या नाकापाशी आलं.

"आता?" ताईबाई ओरडली.

गंगारामनं डोळे मिटले. "तशीच जाऊ दे," तो म्हणाला.

करवतीचा सूर क्षणभर बदलला. शिसवाचा काळा भुसा उडाला. पट्टी पलीकडं जाऊन पडली. म्हस्कूनं बटण बंद केलं. काठीच्या नाकातनं पातं आरपार गेलं होतं, आणि खालचा ओठ तुटून लोंबत होता. ताईबाईची दहाही बोटं काठीच्या मुठीपासनं मागं, लांब होती.

"आता ही काठी झाली," ती म्हणाली. काठी नवऱ्याच्या हातात देऊन ती निघाली. रस्त्याला लागेपर्यंत ती ताठ होती. ओढ्याच्या मोरीपाशी ती कठड्यावर बसली आणि तिनं पोटभर रडून घेतलं. उसाच्या ट्रॅक्टरवाल्यानं विचारलं, मावशी, कुणी गेलं का? ती म्हणाली, न्हाय, कुणी गेलं न्हाय.

पण भवानीनगरला कुणीतरी गेल्यासारखंच झालं. गंगाराम दुसऱ्या दिवशी कामावर गेला नाही. ओसरीवर भिंतीला टेकून बसला, काठी मांडीवर. म्हस्कूनं चार ठिकाणी सांगितलं आणि चार ठिकाणांनी आणखी चार ठिकाणी. माणसं भेटायला यायला लागली. यायची, चपला काढायची, जरा वेळ गप्प बसायची. मग कुणीतरी काठी हातात घ्यायचं, तुटलेल्या नाकावरनं बोट फिरवायचं, जिभेनं च्च करायचं आणि पुढच्याच्या हातात द्यायचं. "असं व्हायला नको हुतं," म्हणायचं. बाया आत येऊन ताईबाईला म्हणायच्या, "तुमी तरी जरा दमानं घ्यायचं." ताईबाई सगळ्यांना चहा देत होती. एकानं बिस्किटचा पुडा आणला होता. दवाखान्यात आणतात तसा.

शेजारची छबूबाई म्हणाली, "शिसव आता मिळत बी न्हाय."

"व्हय," ताईबाई म्हणाली. "आंगठं मात्र बाजारात ढिगानं मिळत्यात." छबूबाईला ते नीट लागलं नाही. तिनं आणखी चहा मागितला.

दिवस कलायला बुद्धघोष आला. सुप्यात कुणीतरी त्याला एवढंच सांगितलं होतं की, तुझ्या दाजींचं कटरवर काहीतरी झालंय, माणसं भेटायला चाललीत. तो शाळा सुटल्या सुटल्या मिळेल त्या गाडीनं आला होता. अंगणात एवढ्या चपला बघून त्याचा चेहरा पांढरा पडला. तो ओसरीवर चढला आणि वाकून त्यानं आधी गंगारामचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले. डाव्यानं धरले, उजव्याच्या एकट्या आंगठ्यानं चाचपले. एकेक बोट.

"सगळी हायत," तो म्हणाला.

"हायत," गंगाराम म्हणाला. "काठी गेली."

बुद्धघोषला काठी दाखवण्यात आली. त्यानं ती तळव्याच्या थोट्या कडेवर आडवी ठेवली आणि बराच वेळ बघितली. मग भोवतीची माणसं बघितली, चपला बघितल्या, बिस्किटचा पुडा बघितला.

"माझी बोटं गेली तवा," तो साध्या आवाजात म्हणाला, "एवढी माणसं आली न्हवती."

तो काही टोमणा नव्हता. मास्तर हजेरी घेतो तसं तो बोलला होता. छबूबाईनं कपबशी खाली ठेवली. एकेक माणूस उठलं, चपला शोधायला लागलं. पुडा आणलेल्या माणसाला तो परत न्यावा की ठेवावा ते कळेना, त्यानं तो बुद्धघोषच्या शेजारी ठेवला.

ओसरीवर दोघंच उरले. गंगाराम मेव्हण्याच्या त्या हाताकडं बघत होता. हा हात इतकी वर्षं त्यानं पाहिला होता, पण असा कधी पाहिला नव्हता. लाकडावरचा बारीकसा चरा लांबनं ओळखणारा माणूस तो. त्याला लाज वाटली, आणि ती त्याच्या तोंडावर दिसली.

तो उठून आत आला. ताईबाई परातीत कणीक मळत होती. भाऊ आलाय म्हणजे चपात्या लागणार. बाजारातला पोळपाट तिनं पुढ्यात ओढला होता. गंगारामनं खिळ्यावरचा आपला पोळपाट काढला. त्यामागं भिंतीवर गोल, पांढरी जागा राहिली. त्यानं तो सदऱ्याच्या बाहीनं पुसला आणि तिच्यापुढं ठेवला.

"ह्याच्यावर लाट," तो म्हणाला.

"चरा पडंल."

"पडू दे."

ताईबाईनं त्याच्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर तिला रडू आलं असतं आणि कणीक खारट झाली असती. तिनं पोळपाटावर पीठ भुरभुरलं, गोळा ठेवला आणि लाटणं फिरवलं. गंगाराम तिथंच उकिडवा बसला आणि बघत राहिला. पहिली चपाती तव्यावर पडली तेव्हा त्यानं काठी चुलीशेजारी टेकवून ठेवली आणि म्हणाला, "उद्या सकाळी इसरली तर आठवण कर. कामावर न्यायचीय."